पेटी नंबर चार, अर्धी रिकामी

दागिन्यांच्या पेट्या, खजिन्याच्या पेट्या, जादूगाराच्या पेट्या यांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, मित्रांनो. मी त्या घराण्यातली नाही. मी दगड ठेवायची एक जुनी लाकडी पेटी आहे. लांबी मीटरभर, रुंदी हातभर, उंची वीतभरसुद्धा नाही. पोटात पाच लांब खाचा आणि वर बिजागरीचे झाकण. माझ्या बाजूच्या फळीवर काळ्या रंगाने लिहिले आहे: भोक तीन, पेटी चार, पंधरा ते वीस मीटर. हाच माझा जन्मदाखला.

बेचाळीस वर्षे मी एक खोटी गोष्ट पोटात घेऊन बसले होते. त्या खोट्यापायी एक अख्खा डोंगर हातचा जाणार होता, पण गेला नाही. कसा गेला नाही, तेच सांगायला बसले आहे. सांगताना थोडी बढाई मारीन, ती गोड मानून घ्या. पेटीच्या नशिबी बढाई मारण्याचे प्रसंग किती येतात?

माझा जन्म त्या डोंगराच्या पायथ्याशी, एका तंबूच्या मागे झाला. डोंगराच्या पोटात खनिज आहे का, हे पाहायला बोअरिंगचे यंत्र आले होते. यंत्राचे सुटे भाग ज्या खोक्यांतून आले, त्यांच्याच फळ्या सुताराने उकलल्या, रंधा मारला आणि आम्हा पेट्यांना घडवले. सागवान नाही, शिसवी नाही, साधे खोक्याचे लाकूड. आम्ही एकूण तेरा बहिणी झालो. हा तेराचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घोळ घातला.

यंत्र चालवणारा बोअरमिस्त्री कोपरापर्यंत कायम चिखलाने माखलेला असे आणि बोलायचा मोजून मापून. डोंगरात पोकळ नळी फिरवत फिरवत खाली न्यायची, की नळीत दगडाची गोल कांडी अडकते. ती वर काढून, ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने पेटीत मांडायची. डोंगर उभा असतो, पेटीत तो आडवा निजतो, एवढाच फरक. पहिल्या दोन भोकांत नुसताच साधा खडक निघाला. तिसऱ्या भोकात पंधरा मीटरवर काळे, जड खनिज लागले आणि ते माझ्या वाट्याला आले. मी किती फुगले म्हणून सांगू!

पण तिथला डोंगर मोठा खोडकर होता. वीतभर खनिज आले की पुढचा हातभर भाग मऊ चिखलाचा. नळीत पाणी सोडले की तो चिखल धुऊन जायचा आणि हाती काहीच यायचे नाही. अशा वेळी मिस्त्री एक काम करायचा. जेवढा भाग हरवला, बरोबर तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा कापायचा, माझ्या खाचेत त्या जागी बसवायचा, एका बारीक खिळ्याने ठोकायचा आणि वर पेन्सिलीने लिहायचा: "गेलं. चिखल, पाणी." खाली मीटरचा आकडा.

सुतार एकदा त्याला हसून म्हणाला, "मिस्त्री, लाकूड कशाला वाया घालवता? दगडाला दगड लावून टाका की. कोण बघायला बसलंय?"

मिस्त्री म्हणाला, "आला तेवढा दगड दाखवायचा. नाही आला, तेही दाखवायचं. नाहीतर डोंगर खोटा पडतो."

माझ्यात असे सहा ठोकळे बसले. अडीच मीटर दगड आणि अडीच मीटर लाकूड. माझ्या पाठची बहीण, पेटी पाच, वीस ते पंचवीस मीटरची. तिच्यात पाच ठोकळे, पण लांबलांब, म्हणून तिचीही अवस्था तीच, निम्मे दगड आणि निम्मे लाकूड. तिच्याबरोबर भोक संपले. मिस्त्रीने यंत्र उचलले, वही खिशात घातली आणि तो पुढच्या कामाला दूर निघून गेला. आम्ही तेरा जणी बैलगाडीने गोदामात आलो.

आता गोदामकाकांची ओळख करून देते. त्यांना खरे नाव असेलच, पण सगळे त्यांना सरळरेघ म्हणत. तोंडावर काका आणि माघारी सरळरेघ. माणूस नाकासमोर चालणारा. दाराबाहेर चपला काढल्या तर दोन्हींचे अंगठे एका रेषेत. झाडू टांगला तर त्याचे टोक भिंतीच्या कडेशी काटकोनात. भांग तर पट्टी लावून पाडल्यासारखा. चहाच्या कपाचा कानसुद्धा ते उजवीकडे वळवून ठेवायचे. आम्हाला पाहून त्यांनी हातातले फडके झटकले आणि आमचे एकेक अंग असे पुसले, की मला वाटले, नशीब काढले पोरींनी.

गोदामात आमच्यासाठी लोखंडी मांडणी होती. तीन फळ्या आणि एका फळीवर चार पेट्या. पहिल्या भोकाच्या चार, दुसऱ्याच्या चार, तिसऱ्याच्या पाच. माझी धाकटी बहीण बसेना. तिला जमिनीवर ठेवले, तर येताजाता पायात यायची. मांडणीवर आडवी टाकली, तर सगळ्या रांगेचा विचका व्हायचा. काकांना जेवण गोड लागेना. त्यातच निरोप आला की परवा दगड तपासणारे भूगर्भसाहेब पेट्या पाहायला येणार.

त्या दुपारी काकांनी आम्हा दोघींची झाकणे उघडली. आत दगड, लाकूड, दगड, लाकूड. ते जरा वेळ पाहत राहिले. मग पुटपुटले, "निम्मी जागा नुसती लाकडानं अडवलीय." या माणसाच्या मनात पाप नव्हते, मित्रांनो, हे मी छातीठोक सांगते. मनात सलत होती ती फक्त जमिनीवरची तेरावी पेटी. त्यांनी पक्कड आणली, माझ्यातले सहा खिळे उपटले, ठोकळे काढले, दगड दगडाला लावले. मग बहिणीतले दगड उचलून क्रम न मोडता माझ्या रिकाम्या खाचांत मांडले. पाच मीटरच्या पाच खाचा काठोकाठ भरल्या. कुठे बोटभर फट नाही. मागे सरून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते मनापासून हसले. "आता कसं! शहाण्यासारखं."

मला ओरडायचे होते. पण पेटीला पोट असते, तोंड नसते.

भूगर्भसाहेब आले ते घाईतच. मिस्त्रीची वही यंत्राबरोबर गेली ती गेलीच होती, तेव्हा त्यांनी पेट्या मोजल्या. चार, चार, चार. म्हणजे प्रत्येक भोक वीस मीटरचे. माझे झाकण उघडले आणि त्यांचा चष्मा नाकावरून खाली घसरला. त्यांनी टेप लावली. "सलग पाच मीटर! एक तुकडासुद्धा वाया नाही!" नंतर गोदामभर नजर फिरवून त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "असं गोदाम मी आजवर पाहिलं नाही." महिन्याभरात काकांना काचेच्या चौकटीतले प्रशस्तिपत्रक मिळाले. ते घरी भिंतीवर लागले. सरळच लागले, हे वेगळे सांगायला नको.

आणि तिकडे नकाशाच्या खोलीत कोणीतरी पट्टी घेतली, डोंगराभोवती चार सरळ रेघा मारल्या आणि आतला भाग तपकिरी रंगवला. खाणीसाठी राखीव.

ठोकळ्यांचे काय झाले, हे मला खूप उशिरा, त्यांच्याच तोंडून कळले. काकांनी ते पिशवीत घालून घरी नेले. घरात पाच वर्षांची लेक होती, ठकी. तिला आई नव्हती. बापाने खेळायला लाकडाचे अकरा ठोकळे आणून दिले, तेव्हा तिने त्यांची घरे बांधली, पूल बांधले, एकाचा कोपरा दातांनी कुरतडला आणि त्यांच्यावरची अक्षरे लावत लावत ती वाचायला शिकली. तिने आयुष्यात वाचलेला पहिला शब्द "गेलं" हा होता. रिकामी झालेली माझी बहीणही काकांनी घरी नेली. ठकीने तिच्यात माती भरून बिया पेरल्या. माझ्या बहिणीने दगड सोडले आणि रोपे धरली. तिचा मला हेवा वाटतो.

पुढची वर्षे माझ्यावर धूळ चढण्यात गेली. खनिजाला उठाव राहिला नाही, खाण काही निघाली नाही. काका निवृत्त झाले, फडके गेले, कोळी आले. पण तपकिरी रंग काही निघाला नाही. आकडा एकदा कागदावर चढला, की त्याला उतरायला शिडी नसते. राखीव म्हणजे कसे, ठाऊक आहे? ना धड खाण, ना धड रान. तिथे झाड लावायला परवानगी नाही, राखणदार नेमायला परवानगी नाही, वणवा लागला तर विझवायचा कोणी, याचाही पत्ता नाही. डोंगर मात्र कागद वाचत नव्हता. वाऱ्याने बी आणले, पाखरांनी आणले, आणि ठकीनेही आणले. ती मोठी होऊन पायथ्याच्या झऱ्याकाठी रोपवाटिका चालवू लागली होती. सव्वीस वर्षे ती टोपली घेऊन गुपचूप वर जायची आणि उघड्या उतारावर रोपे लावून यायची. डोंगर गच्च हिरवा झाला. कागदावर तो "पडीक, खाणीसाठी राखीव" असाच राहिला.

मग एक दिवस खनिजाला पुन्हा उठाव आला आणि एका खाण कंपनीने डोंगर मागितला. पायथ्याच्या लोकांना घाम फुटला. झाडे तर जाणारच होती, पण वस्तीचे पिण्याचे पाणी त्या एका झऱ्याचे होते. ठकीने घरोघर फिरून सह्या घेतल्या आणि अर्ज केला: डोंगर खाणीच्या राखीव क्षेत्रातून काढा आणि वनक्षेत्रात घाला. सरकारने सुनावणी लावली. कंपनीच्या वकिलांनी सुनावणीआधीच सगळ्यांना ऐकवले, "झाडं कुठंही लावता येतात. सलग पाच मीटरचा थर कुठंही सापडत नाही. पुरावा गोदामात आहे, जाऊन बघा."

तो पुरावा म्हणजे मी. मला जन्मात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ठकी बघायला आली. बरोबर ऐंशी वर्षांचे काकाही आले, कारण त्यांना आपले गोदाम पाहायचे होते. डोळे अधू झाले होते, पण हातांना सगळे आठवत होते. त्यांनी बरोबर माझ्यावरच हात ठेवला, बाहीने धूळ पुसली आणि झाकण उघडले.

"बघ ठके. बेचाळीस वर्षं झाली. एक तुकडा हललाय का? भूगर्भसाहेबांनी पाठ थोपटली होती माझी."

"छानच लावलंय हो बाबा," ठकी म्हणाली. पण रोपवाटिकेतल्या माणसाला एक खोड असते. कुंडी दिसली की उचलून खालून मुळे पाहायची. तिने सवयीने माझ्यातला एक दगड उचलला आणि खाली पाहिले.

खाचेच्या तळाला मिस्त्रीच्या वेळच्या चिखलाचा लालसर डाग होता. पण त्या दगडाखाली हातभर लांबीचा एक पांढरा चौकोन होता. जिथे ठोकळा ठोकलेला होता, तिथे चिखल पोचलाच नव्हता. चौकोनाच्या मधोमध खिळ्याचे बारीक भोक. तिने दुसरा दगड उचलला, तिसरा उचलला. तिसऱ्याखालीही तसाच चौकोन. तिने बोटाने ते भोक चाचपले, पुन्हा चाचपले. मला वाटले, आता! आता विचार! पण तिने दगड होते तसे ठेवले, बापाचा हात धरला आणि ती निघून गेली.

पुढचे दोन दिवस तिच्या घरात काय झाले, ते ठोकळ्यांनी सांगितले. ते तिच्या कामाच्या टेबलाच्या आसपासच होते. कोणी टेबलाच्या डगमगत्या पायाखाली, कोणी दाराला अडसर, कोणी बियांच्या डब्यांमध्ये. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ठकीने एकेक गोळा केला. अकरापैकी दहा सापडले. एक लहानपणीच कधीतरी चुलीत गेला होता. तिने त्यांच्यावरची पुसट अक्षरे पुन्हा वाचली. सोळा मीटर, गेलं. अठरा मीटर, गेलं. बावीस मीटर, गेलं. तिला सगळे कळले. हेही कळले, की हे लोकांसमोर मांडायचे तर ऐंशी वर्षांच्या बापाला सगळ्या वस्तीसमोर चुकलेला माणूस ठरवायचे. तिने ठोकळे पोत्यात भरले आणि पोते पलंगाखाली सरकवले.

पण तिचा बाप सरळरेघ होता. घरातली एक वस्तू जागची हलली तरी त्याला कळायचे. टेबल डगमगले, तेव्हाच त्यांनी ओळखले.

"ठके, गोदामात दगड उचललास आणि तुझी वाचाच बसली. काय दिसलं?"

"काही नाही बाबा."

"मग टेबलाखालचा ठोकळा कुठंय?"

ठकीने पोते बाहेर ओढले आणि सगळे सांगितले. काका बराच वेळ एका ठोकळ्यावरून अंगठा फिरवत बसले. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "ती चौकट खाली काढ."

"नाही काढणार. गोदाम चांगलंच ठेवलं होतं तुम्ही."

"चांगलं ठेवलं, आणि खोटं ठेवलं." बापलेक दोघेही रडले. थोड्या वेळाने काकांनी डोळे पुसले. "तुझ्या त्या पहिल्या वाफ्याची पेटी, ती पाचवी होती. आहे का शिल्लक?"

"तळ कुजून गेला कधीच. पण नाव लिहिलेली फळी आहे. तिचा मी बसायला पाट केलाय."

"ती पण घे. आणि उद्या मला इस्त्रीचा सदरा दे. गप्प बसायला गेलो असतो, तर चुरगळलेला चालला असता."

सुनावणीच्या सभागृहात मला टेबलावर मध्यभागी ठेवले होते. समोर खच्चून वस्ती बसलेली. वकिलांनी माझे झाकण असे उघडले, जसे काही तेच मला पोटाशी धरून आले होते. "पाहा! सलग पाच मीटर. दगड खोटं बोलत नाहीत." सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी वाकून माझ्यात पाहिले, वहीत काही लिहिले आणि विचारले, "कुणाला काही म्हणायचंय?"

काका उठले.

"आजोबा, बसून बोला," बाई म्हणाल्या.

"नको, उभाच राहतो. ही पेटी मी भरलीय. मिस्त्रीनं भरली होती, ती मी मोडली आणि परत भरली. दोन पेट्यांची एक केली. फळीवर तेरावी बसत नव्हती, म्हणून. दगड पाच मीटर आहे, पण तो दहा मीटरांत विखुरलेला होता. मधे चिखल आणि पाणी. ते दाखवणारे ठोकळे मी उपटले. चूक माझी आहे."

वकील हसले. "बेचाळीस वर्षांनी आठवलं? तेही नेमकं लेकीच्या रोपवाटिकेवर गदा आल्यावर?"

"आठवत तर रोज होतं, साहेब," काका म्हणाले. "चूक होती, हे आता कळलं."

ठकीने पोते टेबलावर ओतले. वकील म्हणाले, "ही खेळणी काल संध्याकाळी कापलेली नसतील कशावरून?" तिने एक ठोकळा उचलून दाखवला. "हा कोपरा मी खाल्लाय. दुधाचे दात होते तेव्हा." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने माझे दगड एका बाजूला काढून कागदावर ओळीने मांडले आणि म्हणाल्या, "बसवा."

ठकीने पहिला ठोकळा पांढऱ्या चौकोनावर ठेवला. काठाला काठ लागला. बाईंनी टाचणी मागितली आणि ठोकळ्याच्या भोकातून खाली सोडली. ती माझ्या भोकात अलगद उतरली. दुसरा ठोकळा ठेवला, टाचणी उतरली. तिसरा बसेना. माझा जीव टांगणीला लागला. वकील पुढे सरसावले. काकांनी त्याचे तिरके कापलेले टोक बोटांनी चाचपले आणि ते म्हणाले, "उलटा धरलायस, ठके." तिने फिरवला आणि तो खट्कन बसला. चौथा बसला, पाचवा बसला. सहाव्याची जागा रिकामी राहिली, पण चौकोन आणि भोक होतेच. उरलेले पाच माझ्या बहिणीचे. शेवटी ठकीने तिचा पाट टेबलावर उभा केला. वर्षानुवर्षे बसून बसून तो गुळगुळीत झाला होता, तरी काळी अक्षरे दिसत होती: भोक तीन, पेटी पाच, वीस ते पंचवीस मीटर, शेवट.

वकिलांच्या यादीत पेटी पाच नव्हतीच. ते यादी पुन्हा पुन्हा उलटून पाहत राहिले.

बाई म्हणाल्या, "पेटीचं ऐकलं, आजोबांचं ऐकलं. आता डोंगराला विचारू. जुन्या भोकाशेजारी नवं भोक पाडा, सगळ्यांसमोर."

मलाही तिथे नेले. बेचाळीस वर्षांनी मी डोंगर पाहिला आणि ओळखलाच नाही. मी गेले तेव्हा तो टकला होता. आता यंत्र न्यायला फांद्या बाजूला धराव्या लागत होत्या. नळी फिरू लागली. पंधरा मीटरवर वीतभर काळी कांडी आली. वकिलांनी मान ताठ केली. त्यानंतर नळी एकदम हातभर आपसूकच खाली बसली, खालून गुडगुड आवाज आला आणि तोंडातून लालसर पाणी उसळले. वकिलांचे चकचकीत बूट घोट्यापर्यंत बुडाले. काकांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर नक्षी उठली. नवा मिस्त्री ओरडला, "खाली सगळं पाणीच आहे हो!" वस्तीतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या, आणि एका म्हाताऱ्याने तर त्या गढूळ पाण्याची ओंजळ भरून डोक्यावर ओतली.

पंचवीस मीटर झाले, तेव्हा हिशेब स्पष्ट होता. खालच्या दहा मीटरांत पाच मीटर दगड, आणि बाकी चिखल नि पाणी. इथे खाण काढली असती, तर थर तर मिळाला नसताच, वरून डोंगर खचला असता आणि झरा कायमचा गेला असता. बेचाळीस वर्षे मी खोटी होते, त्या दिवशी मी खरी झाले. काठोकाठ भरलेली असताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

निकाल लागला. डोंगर खाणीच्या राखीव क्षेत्रातून निघाला आणि वनक्षेत्रात आला. नकाशा बदलायच्या दिवशी ठकी आणि काका दोघांनाही बोलावले होते. मी पुरावा म्हणून अजून त्याच खोलीत होते, म्हणून मला सगळे दिसले. नकाशा काढणाऱ्या माणसाने जुना कागद पसरला. चार सरळ रेघा आणि आत तपकिरी रंग. त्याने नवा कागद घेतला, हिरवी शाई काढली आणि काकांपुढे पट्टी धरून म्हणाला, "काका, हद्दीची पहिली रेघ तुम्ही मारा. तुमच्याइतकी सरळ कुणाला येते?"

काकांनी पट्टी हातात घेतली. खिडकीबाहेर डोंगर दिसत होता. त्यांनी पट्टी कागदाच्या कडेला ठेवली, अगदी काटकोनात, आणि म्हणाले, "पट्टी नको. डोंगर वाकडा आहे, रेघही वाकडी जाऊ दे."

ठकीने बापाचा हात धरून ती रेघ काढली. थरथरत गेली, झऱ्याशी वळली, उताराशी आत शिरली. माझ्या पाहण्यात आलेली ती सर्वांत सुंदर रेघ.

आता मी डोंगराच्या पायथ्याशी वनचौकीत असते. माझे ठोकळे पुन्हा खिळ्यांनी ठोकले आहेत. घरची ती चौकट ठकीने अजून काढलेली नाही, फक्त तिच्या शेजारी पाट टांगला आहे. चुलीत गेलेल्या सहाव्या ठोकळ्याच्या जागी नवा बसवला आहे आणि त्यावर काकांनी लिहिले आहे: "इथला ठोकळा गेला. हा नंतरचा." मुले येतात, झाकण उघडतात आणि विचारतात, "ही अर्धी रिकामी का?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे आमच्यातले सगळेच सांगतात. मीही सांगते, जपा. पण जपताना त्यांना शहाण्यासारखे करायला जाऊ नका. जे हरवले, त्याच्या जागी तेवढ्याच मापाचा ठोकळा ठेवा आणि वर स्वच्छ अक्षरात लिहा: गेलं. जे ठाऊक नाही, तिथे ठाऊक नाही असे लिहा. ती जागा चुकूनही भरू नका, मग ती कितीही डोळ्यांत खुपो. त्या जागेत कोणाचे तरी पाणी असते.

काका अजून दर आठवड्याला येतात, फडके घेऊन. परवा त्यांनी माझे झाकण उघडले, तर कुठल्याशा मुलाने हाताळल्यामुळे एक दगड खाचेत तिरपा झाला होता. त्यांचा हात सवयीने पुढे आला. दगडापाशी थांबला. मग त्यांनी नुसती धूळ झटकली, हळूच झाकण लावले आणि ते डोंगराकडे फिरायला निघून गेले.